सुखाचा सातबारा : अकोल्याहून ऋणमोचनमार्गे अमरावती

१ जानेवारी उजाडला की आपण सगळेच एकमेकांना सांगतो, नवे वर्ष सुखाचे जावो. वर्ष सुखाचे 'येवो' असे मराठीत कुणी म्हणत नाही, 'जावो' म्हणतात, हे तुमच्या कधी ध्यानात आले आहे का? वर्षाने आपणहून यावे, आपणहून जावे आणि जाता जाता आपल्या ओटीत सुख टाकून जावे, अशी ही मागणी. देणारे वर्ष, घेणारे आपण. ज्या समाजाने हात पसरणे सोडावे म्हणून एवढा मोठा लढा झाला, त्या समाजातल्या बायामाणसांनी सुखाच्या बाबतीत तरी हात का पसरावा? हा प्रश्न डोक्यात घेऊनच यंदा, २०२६ च्या जानेवारीतल्या पहिल्या रविवारी, मी अकोल्याहून निघाले.

१ तारखेला आपली माणसे कोरेगाव भीमाला जातात. मीही दोनदा जाऊन आले आहे. यंदा मात्र माझ्या धाकट्या बहिणीने निरोप धाडला होता, "ताई, लांब नाई जमत, वावरात तूर उभी हाये. पन कुठीतरी घेऊन चाल. घरात बसून जीव गुदमरते." तिचा नवरा गेल्या उन्हाळ्यात गेला. तेव्हापासून मूर्तिजापूर तालुक्यातले ते घर, वावर आणि तलाठ्याचे ऑफिस एवढ्यातच ती फिरत होती. पौष महिन्यातल्या रविवारी पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रा भरते. मी म्हटले, तिथेच जाऊ. पाप धुण्याचा आपला प्रश्न १९५६ सालीच मिटला, तेव्हा स्नानाचे कारण नव्हते. गाडगेबाबांनी जिथे पहिला खराटा हाती घेतला ती जागा पाहायची होती.

अकोल्यातून निघताना मोर्णा ओलांडली. या नदीची एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १३ जानेवारी २०१८ च्या शनिवारी सकाळी अकोल्याची माणसे हातमोजे, टोपल्या, फावडी घेऊन मोर्णेत उतरली होती. सहा हजारांहून अधिक नागरिक, शंभरावर संस्था, चार किलोमीटरचे दोन्ही काठ. जलकुंभी ओढताना कोण कुणाच्या जातीचे, कोण कुठल्या वॉर्डाचे हे कुणी विचारत नव्हते. गुडघ्याएवढ्या चिखलात उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे पाहून हसत होत्या. त्या दिवशी त्यांना कुणी सुखाच्या शुभेच्छा दिलेल्या नव्हत्या.

एसटीत जागा मिळाली. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून गाडीत बायकाच बायका दिसतात. शेजारची बाई सांगत होती की आता महिन्यातून एकदा तरी ती आईला भेटून येते. आधी दिवाळी ते दिवाळी जाणे व्हायचे. भाड्यातून वाचलेल्या पंचवीस-तीस रुपयांत माहेर इतके जवळ येते, हे मुंबईत बसून हिशेब करणाऱ्याला कळेल की नाही कोण जाणे. रस्ताही आता बरा आहे. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती–अकोला रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर अंथरून गिनीज बुकात नाव गेले. त्याआधी कितीतरी वर्षे आम्ही वऱ्हाडकरांनी ह्याच वाटेवर धूळ खाल्ली आणि खड्डे मोजले, त्या विक्रमाची नोंद मात्र कुठल्याच बुकात नाही.

मूर्तिजापूरला धाकटी, तिचा बारावीतला मुलगा आणि तिच्या सासूबाई स्टँडवर उभ्या होत्या. सासूबाईंना आम्ही आजीच म्हणतो. ऐंशीच्या घरातली बाई, पण यात्रा म्हटल्यावर घरी राहायला तयार नव्हती. मूर्तिजापूर म्हणजे आमच्या पिढीसाठी शकुंतला. एक फाटा यवतमाळला, दुसरा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला. इंग्रज कंपनीच्या मालकीची ही छोटी गाडी. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. चालत्या गाडीतून उतरून हरभऱ्याचा टहाळ उपटायचा आणि पुन्हा चढायचे, असे सांगत, आणि ते फारसे खोटे नव्हते. आता गाडी बंद आहे, रुळांत बाभळी वाढल्या आहेत. आजी म्हणाल्या, "तिच्यात बसून मी नांदाले आली. गाडी गेली, मी हाये." आणि स्वतःच हसल्या.

पुढे काळी-पिवळीने निघालो. हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. जमीन काळी, भारी, पाहूनच हरखून जावे अशी. पण खाली पाणी खारट. विहीर खणली तर पिता येत नाही आणि पिकाला दिले तर जमीनच फुगून बसते. म्हणून इथले कास्तकार पावसाकडे डोळे लावून असतात आणि पाऊस चुकला की सावकाराकडे. वाटेत दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या पडून सोंगणीला आल्या होत्या, पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस लोंबत होता. बोंडे बरीच काळी. सप्टेंबरच्या पावसाने केलेला तो घात.

इथे धाकटीचे सांगितले पाहिजे. तिचा नवरा गेला तेव्हा जो येई तो दारात आधी एकच विचारी, "औषध घेतलं का?" आपल्या वऱ्हाडात पन्नाशीच्या आतला कास्तकार मेला की हा प्रश्न ठरलेला. त्याला हृदयविकाराचा झटका आला होता. पण तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढे नवऱ्याच्या मरणाचा जणू दाखला द्यावा लागला. चार एकर वावर, सोसायटीचे पीककर्ज, शिवाय सोने मोडून न फिटलेले हातउसने. पुण्यानुमोदन झाले, पाहुणे गेले. मग दिराने सांगितले, "वहिनी, कागदपत्रं मी पाहतो, तुमी पोरं सांभाळा." दीर वाईट नाही. अडीअडचणीला धावून येणारा आहे. पण ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती कारभार, हे काय आपल्याला नवीन आहे?

धाकटी सातवी शिकलेली. तिने मुलाला बरोबर घेतले आणि स्वतः अर्ज केला. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे, शपथपत्र. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत, गावात अजून तलाठीच म्हणतात. नाव बदलले तरी चकरा तेवढ्याच. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम सुरू झाली, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. सुरुवात आमच्या शेजारच्या बुलडाण्यातून झाली होती. तिचा तिला उपयोग झाला. नोटीस लागली, हरकतीचे १५ दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सातबारा हातात आला. त्यावर चार नावे : तिचे, मुलाचे, नर्सिंग शिकणाऱ्या मुलीचे आणि आजींचे.

चौथे नाव वाचून घरातल्या घरात चकितच झाले सगळे. कायदा मात्र सरळ आहे. मुलगा मृत्युपत्र न करता वारला तर त्याची बायको, त्याची मुले, मुली आणि त्याची आई यांना समान वाटा. हा हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला आणि तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जीव तोडून काम केले आणि ते अडवले गेले म्हणून २७ सप्टेंबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे होऊन वेगवेगळे कायदे झाले. त्यातल्याच एका तुकड्याने मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका निरक्षर म्हातारीचे नाव सरकारी कागदावर आणले. आजी कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या होत्या, "मायं नाव कुठी लिवलं? बोट ठिवून दाखवा बरं." नातवाने बोट ठेवले. मग त्यांनी तिथे आपलेही बोट ठेवले. "राशनच्या कारडावर होतं," म्हणाल्या, "पन थे खायापुरतं होतं."

ऋणमोचनला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. पूर्णा पौषात शांत असते, पाणी कमी, काठ निसरडे. मुद्गलेश्वराच्या देवळाकडे रांग, घाटावर स्नानाची गर्दी, वर बोरे, ऊस, रेवड्या, प्लास्टिकची खेळणी आणि पाळणे. नावच असे की कर्जात बुडालेल्या वऱ्हाडाने इथे येऊ नये तर कुठे जावे? इथे बुडी मारली की ऋण फिटते अशी श्रद्धा. बुडी मारणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले तर त्यातले किती जण कुठल्या ऋणाचा विचार करत असतील ते ओळखू येत होते. पितरांचे नव्हे, बँकेचे.

ह्या घाटाची गोष्ट डेबूजी झिंगराजी जानोरकरांपासून सुरू होते. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, परीट कुटुंब. बाप दारूने गेला, आई सखूबाई पोराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या वावरात डेबू राबला. त्या मामाची जमीन सावकाराने लबाडीने घशात घातली आणि डेबू त्या सावकारापुढे वावरात उभा राहिला. कर्ज म्हणजे काय हे त्याला पोथीतून कळलेले नव्हते. १ फेब्रुवारी १९०५ ला त्याने घर सोडले. पुढे ऋणमोचनच्या यात्रेत तो दिसला तो चिखलात काम करताना. यात्रेकरू घसरून पडत म्हणून काठावर माती-मुरूम टाकणे, घाण उचलणे, आंधळ्यापांगळ्यांना जेवू घालणे. मग लोकवर्गणीतून घाट झाला, १९०८ च्या सुमारास लक्ष्मीनारायणाचे मंदिर झाले. मंदिर बांधणाऱ्या या माणसाने स्वतः देवळात जाऊन कधी नवस केला नाही, आणि कीर्तनात लोकांना एकच घोकून सांगितले : सणावारासाठी, लग्नासाठी, देवासाठी कर्ज काढू नका, ताट नसेल तर भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. ज्या गावाला ऋणमोचन म्हणतात तिथे ऋणमोचनाचा खरा उपाय सांगणारा हा एकटाच निघाला.

आजींनी लहानपणी बाबांचे कीर्तन ऐकले होते. त्यांना शब्द आठवत नाहीत. डोक्यावर उलटे खापर, अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि समोर हसून हसून लोळणारी माणसे, एवढेच आठवते. "मानूस हसवत होता वं," त्या सांगत होत्या, "अन् हसता हसता आमचे बाप रडाले लागत."

एक गोष्ट मात्र मला तिथे बसून खटकत राहिली. बाबा घराबाहेर पडले तेव्हा कुंताबाई, त्यांची पत्नी, लेकराबाळांसह घरी होत्या. ते घर कसे चालले, पीठ कुठून आले, पोरांची आजारपणे कुणी काढली, हे चरित्रांतून दोन ओळींत उरकते. घर सोडणाऱ्याची तारीख आपल्याला पाठ आहे. घर चालवणारीची कुठलीच तारीख नाही. बाबांचा मोठेपणा याने कमी होत नाही, पण कुंताबाईंचा वाटा त्यात धरला पाहिजे. वारसा कायद्यासारखा, समान.

घाटाच्या वरच्या अंगाला कडुनिंबाखाली आम्ही भाकरी सोडली. वांग्याचे भरीत, ठेचा, गूळ. धाकटीने डबा उघडला आणि मी तिच्या हाताकडे पाहिले, बांगड्या होत्या. नवरा गेल्यावर गावातल्या बायांनी काढायला लावल्या होत्या. आपल्या घरांत हे चालत नाही असे आपण सभेत सांगतो. २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावतो. पण संक्रांतीच्या आठवड्यात विधवेला वगळून बायका बोलावणारी घरे आपल्याही वस्तीत आहेत, वाण न म्हणता 'स्नेहमेळावा' म्हणतात इतकेच. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. मग त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसे कळवले. त्या ठरावाची पेपरातली बातमी मुलाने आईला मोबाइलवर वाचून दाखवली होती. धाकटी म्हणाली, "ठराव होवो नाहीतर न होवो. मले आवडतात म्हनून घातल्या. बाजारातून मीच आनल्या, तीस रुपये डझन." पुढे या विषयावर ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही.

वाट थोडी वाकडी करून वलगावला गेलो. पेढी नदीचा पूल. २० डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबांना मोटारीतून अमरावतीकडे आणताना इथेच त्यांचा श्वास थांबला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबरचे. मध्ये अवघे चौदा दिवस. दोघांचा परस्परांवर किती जीव होता हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, तिथे पोरांचे वसतिगृह व्हावे म्हणून. पेढी पुढे पूर्णेला मिळते. ज्या पाण्याच्या काठी काम सुरू झाले त्याच पाण्याच्या फाट्यावर ते थांबले. पुलावर वारा फार होता, आजींना बाधेल म्हणून आम्ही लगेच निघालो.

अमरावतीत शिरताना दुपार कलली होती. गाडगेनगरच्या समाधीपाशी शाळेच्या सहलीची पोरे होती. मास्तर त्यांना पाणी वाया घालवू नका म्हणून रागावत होते, ते बाबांना आवडले असते. तिथून अंबादेवीच्या बाजूला आलो. धाकटीला देवळात जायचे नव्हते, मला तिला एक गोष्ट सांगायची होती.

१३ नोव्हेंबर १९२७. महाडच्या पहिल्या सत्याग्रहाला आठ महिने झालेले. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून वऱ्हाडातल्या माणसांनी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरवली आणि अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावले. डॉ. पंजाबराव देशमुख या मागणीच्या बाजूने उभे होते. परिषद चालू असतानाच मुंबईहून तार आली, थोरले बंधू बाळाराम वारले. परिषदेने दुखवटा पाळला आणि कामकाज पुढे चालले. मंदिराच्या पंचांना विचार करायला अवधी द्यावा म्हणून सत्याग्रह काही काळ पुढे ढकलण्याचे ठरले. असे सांगितले की आपली माणसे लगेच म्हणतात, पाहा, दुःख गिळले. गाडगेबाबांचेही तसेच सांगतात. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची तार आली आणि कीर्तन थांबले नाही.

धाकटीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "ताई, त्याईचं ठीक हाये. म्या तर तीन मह्यने रडलं. सकाळी दूध काढता काढता रडाची, गाय पायत राह्याची माह्याकडं. पन दूध काढलं ना!"

मला वाटते तिने दोन्ही तारांचा अर्थ माझ्यापेक्षा बरोबर लावला. थोर माणसांच्या चरित्रातून आपण फक्त न रडणे उचलतो. घरातल्या बाईला सांगतो, धीर धर, खंबीर हो, बाबासाहेबांकडे पाहा. त्यांनी काम थांबवले नाही, एवढेच आपल्याला माहीत आहे. रात्री मुक्कामाच्या जागी काय झाले ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

ह्याच अमरावतीत १९८९ साली शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन भरले होते आणि लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम तिथे ठरला : नवऱ्याने जिवंतपणी, राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. पुढे पुष्कळ गावांत तो झालाही. शरद जोशींच्या राजकारणाशी आपले पटो न पटो, ही गोष्ट खरी होती. धाकटीचा नवरा असता तर ह्या जानेवारीत मी त्याला तेच सांगितले असते. आता हे वाचणाऱ्या भाऊबंदांना सांगते. बायकोला नव्या वर्षाचे साडीचोळी जरूर करा. पण ती कागदपत्रांची पेटी एकदा तिच्यासमोर उघडा. बँकेच्या पासबुकावर दुसरे नाव कुणाचे आहे, विम्यावर वारस कोण लावला आहे, सोसायटीचे किती देणे आहे. धाकटीला हे सगळे नवरा गेल्यावर, एकेक चिठ्ठी धुंडाळत कळले. सोनाराकडची एक पावती तर धान्याच्या कोठीत सापडली.

तपोवनला जायचे मनात होते. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी ते उभे केले आणि दयेवर जगण्याऐवजी हाताला काम दिले. पण आजी थकल्या होत्या. ते पुन्हा केव्हातरी, सवडीने. इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले आणि जवळच्या गाडीवर गिला वडा खाल्ला. ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगते, दह्यातला हा वडा ही अमरावतीची खरी ओळख. संत्री नागपूरवाले आपल्या नावावर खपवतात, ती वरूड-मोर्शीची, आपल्या अमरावती जिल्ह्याची, असे इथला माणूस तुम्हाला ऐकवल्याशिवाय राहत नाही.

वडा खाता खाता भाच्याने मोबाइलमध्ये पाहून एक सांगितले. जगातल्या देशांची म्हणे सुखाची यादी निघते. २०२५ च्या यादीत १४७ देशांत भारत ११८ वा, फिनलंड पहिला, तोही सलग आठव्यांदा. सुख मोजतात कसे? माणसाला एक शिडी कल्पायला सांगतात, शून्यापासून दहा पायऱ्यांची. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुझे चांगल्यात चांगले आयुष्य, खालची म्हणजे वाईटात वाईट. आज तू कितव्या पायरीवर आहेस?

त्याने आईला विचारले. धाकटीने ताटलीतले दही बोटाने पुसून खाल्ले आणि बराच वेळ विचार केला. "तुया बाप होता तवा सातवी. गेला तवा एकबी नाई. सातबारा आला त्या दिवशी चौथी." मग थोडे थांबून, "आज पाचवी लाव. तुरीचे पैसे आले का सहावी."

"आजी, तू?" त्याने विचारले. आजी म्हणाल्या, "मले शिडी नोका चढवू बाप्पा, गुडघे दुखतात."

आम्ही इतक्या मोठ्याने हसलो की गाडीवाला वळून पाहायला लागला. पण धाकटीचा हिशेब मी मनात परत परत मांडून पाहिला. नवऱ्याची सातवी पायरी ती परत मागत नव्हती. ती गेली हे तिने मान्य केले होते. चौथी, पाचवी, सहावी ह्या तिने स्वतः मोजलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या खाली काही ना काही ठोस होते : एक कागद, एक रविवार, एक पीक. तुरीचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता. चार एकरांत आंतरपीक म्हणून घेतलेली तूर चार क्विंटल झाली तरी हातउसने फिटते असे तिचे गणित. सोसायटीचे ती हप्त्याने बघणार आहे. केंद्रावर नोंदणी तिने स्वतःच्या नावाने केली, कारण सातबारा आता तिचा आहे. व्यापाऱ्याला घरबसल्या तूर देऊन टाकायची नाही, असे दिराला तिने आधीच सांगून ठेवले. दीर दोन दिवस फुरंगटला, मग सोंगणीला मीही येतो म्हणाला.

परतीच्या एसटीत आजी माझ्या खांद्यावर झोपल्या. मूर्तिजापूरला त्या तिघांना उतरवले तेव्हा अंधार पडला होता, थंडी मी म्हणत होती. धाकटीने खाली उतरून खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत दिली आणि म्हणाली, "पुढच्या पौषात तपोवन. तिकीट मी काढीन."

सोमवारी सकाळी तिचा फोन आला. मजूर मिळाले होते, सहा बाया आणि दोन माणसे. तुरीच्या ओळीत उभी राहूनच बोलत होती, मागे कुणीतरी विळ्याला धार लावत होते, म्हणून पुढचे नीट ऐकू आले नाही.